पॅरिसची यादी आणि खानापूरचं आभाळ: तारकागुच्छ-दीर्घिकांच्या याद्यांवरून निरीक्षणाची रात्र कशी आखावी

पहिल्या वर्षी मी मेसियरची यादी (तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी यांची) अंकांच्या क्रमानं बघायला घेतली होती. एम १, मग एम २, मग एम ३. नोव्हेंबरचा मध्य, रात्रीचे आठ, खानापूरजवळ मामांच्या शेतात आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावलेली. एम १ म्हणजे खेकडा तेजोमेघ नुकता उगवून आंब्याच्या झाडामागं अडकलेला, एम २ पश्चिमेला कलायला लागलेला आणि एम ३ तर क्षितिजाच्याही खाली. तासाभरानं मामी चहा घेऊन आल्या तेव्हा माझ्या वहीत एकच ओळ होती आणि तीही खोडलेली.

यादीतले आकडे म्हणजे त्या माणसानं कुठल्या क्रमानं नोंद केली तेवढंच. आकाशात एम १ च्या शेजारी एम २ नसतो. आणि बहुतेक याद्या करणारी माणसं आपल्यापेक्षा बरीच उत्तरेला राहणारी होती. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्यानं यादी हातात आली की आधी तिची मोडतोड करायची आणि आपल्या आभाळाप्रमाणे नव्यानं मांडायची. ते कसं, ते लिहिते.

कुठली यादी कशासाठी

चार्ल्स मेसियर हा फ्रेंच माणूस धूमकेतू शोधायचा. १७५८ साली एका धूमकेतूच्या मागावर असताना त्याला वृषभेत एक हलणारा नाही असा धुरकट ठिपका दिसला, तोच पुढे एम १ झाला. धूमकेतू समजून फसवणाऱ्या अशा वस्तूंची त्यानं यादी केली. १७७४ मध्ये छापली तेव्हा ४५ वस्तू, १७८१ च्या यादीत १०३, आणि आज आपण ११० धरतो. म्हणजे आपल्याला ज्या बघायच्यात त्या त्याला टाळायच्या होत्या! सुरुवातीसाठी हीच यादी उत्तम, कारण तिच्यातलं जवळजवळ सगळं लहान दुर्बिणीतून दिसतं.

पण मेसियर पॅरिसमधून बघत होता, ४९ अंश उत्तरेला. त्याची सर्वांत दक्षिणेकडची वस्तू एम ७, वृश्चिकेच्या नांगीजवळचा तारकागुच्छ, क्रांती (आकाशातलं अक्षांश) उणे ३५. पॅरिसहून तो जेमतेम सहा अंश वर येतो. बेळगावात तोच ३९ अंशांवर असतो आणि अंधाऱ्या गावात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्याखाली जे काही आहे ते मेसियरच्या यादीत नाही, कारण त्याला ते दिसतच नव्हतं.

ती उणीव ब्रिटिश खगोल-लेखक पॅट्रिक मूर यांच्या कॅल्डवेल यादीनं भरून निघते. मूर यांचं पूर्ण आडनाव कॅल्डवेल-मूर. ‘एम’ अक्षर आधीच गेलेलं, म्हणून ‘सी’. १९९५ मध्ये आलेल्या या यादीत १०९ वस्तू आहेत आणि त्या उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रांतीप्रमाणे लावल्यात. आपल्याला हे सोयीचं, कारण दोन्ही टोकं सरळ कापून टाकता येतात. सी १ ध्रुवाजवळ आहे, इथून कधीच २१ अंशांच्या वर येत नाही. सी १०९ तर उगवतच नाही. मधला माल आपला.

मोठी यादी म्हणजे एनजीसी, ‘न्यू जनरल कॅटलॉग’. खगोलशास्त्रज्ञ ड्रेयर यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केली, ७८४० नोंदी. पुढे त्यांनीच आयसी नावाच्या दोन पुरवण्या काढल्या, त्यात आणखी ५३८६. ही यादी एका रात्रीच्या आखणीला घ्यायची नसते. ती पत्त्यासाठी वापरायची, टेलिफोन डिरेक्टरीसारखी. मेसियर संपला आणि पुढे काय असा प्रश्न पडला तर हर्शेल ४०० घ्या: विल्यम हर्शेलनं पाहिलेल्या सुमारे अडीच हजार वस्तूंतून फ्लोरिडातल्या एका हौशी मंडळानं १९८० मध्ये चारशे निवडल्या. आठ इंचांच्या दुर्बिणीला काही वर्षं पुरतील एवढं काम आहे त्यात.

एक सावधगिरी. याद्यांत चुका आहेत. एम ४७ ची जागा मेसियरनं अशी लिहिली की तिथं काहीच नाही, त्याच्या आकडेमोडीत अधिक-उणे उलटं झालं होतं. एनजीसीत म्हणून त्या एकाच गुच्छाला दोन क्रमांक मिळालेत, २४२२ आणि २४७८. एम ४० हा नुसता जोडतारा आहे, एम ७३ म्हणजे चार तारे. तेव्हा काही सापडलं नाही तर दर वेळी स्वतःला दोष द्यायचं कारण नाही.

पहिला हिशेब: वस्तू इथून किती वर येते?

बेळगावचं अक्षांश १५.८५ उत्तर. सोळा धरा. कुठल्याही वस्तूची क्रांती यादीत दिलेली असते. क्रांती आणि सोळा यांच्यातला फरक काढायचा आणि तो नव्वदातून वजा करायचा. ती वस्तू दक्षिणोत्तर रेषेवर (उत्तरेपासून डोक्यावरून दक्षिणेला जाणाऱ्या) येईल तेव्हाची सर्वांत जास्त उंची मिळते.

मृगातला तेजोमेघ एम ४२, क्रांती उणे ५. फरक २१, उंची ६९. सप्तर्षींजवळच्या एम ८१ ची क्रांती अधिक ६९. फरक ५३, उंची ३७, उत्तरेकडे. नरतुरंगातला महागुच्छ ओमेगा सेंटॉरी, क्रांती उणे ४७.५. फरक ६३.५, उंची सव्वीस-सत्तावीस. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, म्हणजे तो क्षितिजापासून पावणेतीन मुठी वर येतो. पॅरिसमध्ये तो कधीच उगवत नाही.

माझा नियम: वीस अंशांच्या वर जाणारं सगळं यादीत. दहा ते वीसमध्ये असेल तर स्वच्छ रात्र आणि मोकळी दक्षिण दिशा लागते. एटा कॅरिनीचा तेजोमेघ, सी ९२, असाच चौदा अंशांवर येतो. दहाच्या खालचं सोडून द्या. धूळ, उसाच्या फडातला धूर, लांबच्या गावातले दिवे, सगळं तिथंच साठतं.

उलट टोकालाही एक अडचण आहे, ती पुस्तकात सहसा नसते कारण तिकडे ती कमी येते. एम ४४, एम १, एम ५३ या वस्तू आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातात. डॉब्सोनियन खस्वस्तिकाजवळ, म्हणजे बरोबर डोक्यावर, वळवता येत नाही: नळी सरळ उभी, तळ कितीही फिरवा, वस्तू काही मधे येत नाही. त्यामुळे या वस्तू डोक्यावर यायच्या दीड-दोन तास आधी नाहीतर नंतर बघायच्या. आखणीत तसं लिहून ठेवा, नाहीतर मान आणि डोकं दोन्ही दुखेल.

दुसरा हिशेब: किती वाजता?

इथं विषुवांश, म्हणजे आकाशातला रेखांश, लागतो. तोही यादीत असतो, तास-मिनिटांत. संगणकावर स्टेलेरियम हा आकाशाचा नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम असेल तर हे सगळं ते सांगेल, पण एकदा हातानं करून बघा, मग रात्री शेतात मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही.

आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात आणि बेळगाव ७४.५ वर आहे. आठ अंशांचा फरक, म्हणजे ३२ मिनिटं. म्हणून आपली खरी मध्यरात्र साधारण १२ वाजून ३२ मिनिटांनी. २२ सप्टेंबरला त्या वेळी दक्षिणोत्तर रेषेवर शून्य तास विषुवांश असतो. पुढच्या प्रत्येक महिन्याला दोन तास मिळवायचे. बस.

ओमेगा सेंटॉरीचा विषुवांश १३ तास २७ मिनिटं. २२ मे म्हणजे सप्टेंबरपासून आठ महिने, मध्यरात्री १२.३२ ला रेषेवर १६ तास. आपल्याला हवाय १३.२७, म्हणजे अडीच तास आधी. रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला सर्वांत वर. पाच मिनिटं इकडे-तिकडे होतील, बिघडत नाही.

स्टेलेरियम वापरताना जागा हातानं भरा. इंटरनेटवरून आपोआप घेऊ दिलं तर माझ्याकडे ते कधी बेंगळुरू दाखवतं, कधी मुंबई. बेंगळुरूनं तीन अंशांचा फरक पडतो, आणि दक्षिण क्षितिजाजवळ तीन अंश म्हणजे दिसणं आणि न दिसणं.

अंधार कधी असतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरला माहीत आहे

यासाठी ॲपची गरज नाही. अमावस्येच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे तीन-चार दिवस आपले. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरात छापलेला असतोच. तो नऊच्या आसपास असेल तर सूर्यास्तानंतर सव्वा तासानं पूर्ण अंधार पडतो तिथपासून चंद्र येईपर्यंत तास-दीड तास मिळतो. पुढे दर तिथीला चंद्रोदय सरासरी पाऊण-एक तास पुढे सरकतो, अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास जातो. घरच्यांचा संकष्टीचा उपास चंद्राची वाट बघतो, मी त्याच्या न येण्याची.

दोन अमावस्या खास आहेत. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री चंद्र नसतोच, आणि मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात हाच एका रात्रीत जास्तीत जास्त मेसियर वस्तू बघायच्या मॅरेथॉनचा काळ. दुसऱ्या दिवशी पहाटे गुढी उभारायची असते हे मात्र आधी घरात बोलून घ्या. दिवाळीत लक्ष्मीपूजनाची अमावस्या फटाक्यांच्या धुरात जाते, ती यादीतून काढून टाका.

आता पावसाचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, आभाळ उघडतच नाही. धनू आणि वृश्चिक संध्याकाळी नेमके याच महिन्यांत डोक्याजवळ असतात. एम ८, एम २०, एम २२, एम १७, आकाशातला सगळ्यात श्रीमंत भाग पावसात वाहून जातो. त्यावर उपाय म्हणजे मार्च-एप्रिलची पहाट. २२ मार्चला पहाटे पाचला रेषेवर साडेसोळा तास असतात, वृश्चिक समोर, धनू दक्षिण-पूर्वेला चांगली वर. ऑक्टोबरात संध्याकाळी पश्चिमेकडे थोडा वेळ पुन्हा मिळते. मेमध्ये वळीव पडून गेला की धूळ बसते. अशा दोन-तीन रात्री मिळतात, तेव्हा आखणी बाजूला ठेवून सरळ दक्षिणेकडे बघा.

जागा आणि शहराचा उजेड

जागा निवडताना लोक विचारतात, ‘किती लांब?’ मी विचारते, शहर कुठल्या दिशेला? खानापूर बेळगावच्या दक्षिणेला आहे. तिथं शहराचा उजेड उत्तरेला पसरतो आणि दक्षिणेला लोंढ्याकडचं जंगल काळंकुट्ट. म्हणजे नरतुरंग, नौका, वृश्चिक यांच्यासाठी खानापूर उत्तम, आणि सप्तर्षींतल्या दीर्घिकांसाठी तितकंसं नाही. राकसकोपच्या बाजूला गेलात तर शहर पूर्वेला येतं, तेव्हा उगवत्या वस्तूंची वाट न बघता पश्चिमेकडच्या आधी घ्या. राजहंसगडावर वारा आणि मोकळं क्षितिज आहे, पण शहर फार जवळ. तिथं तारकागुच्छ बघा, दीर्घिकांच्या नादी लागू नका.

भीमगडच्या जंगलात किंवा अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही. खानापूर तालुक्यात अस्वल आणि गवे दोन्ही आहेत. ओळखीच्या माणसाचं शेत, जवळ घर, आणि शेजाऱ्यांना दिवसा सांगून ठेवलेलं, हे सगळ्यात बरं. रात्री थ्री फेज करंट आला की मोटार सुरू करायला लोक बॅटऱ्या घेऊन येतात, त्यांना माहीत असलं तर ते बॅटरी खाली धरतात. माहीत नसलं तर सरळ तोंडावर. अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

प्रत फसवते

यादीत प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, दिलेली असते. आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी, पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. आता एम ३३ या दीर्घिकेची प्रत ५.७, म्हणजे एम ५७ च्या ८.८ पेक्षा कितीतरी सोपा असायला हवा. प्रत्यक्षात स्वरमंडळातलं कडं एम ५७ नवशिक्यालाही दिसतं आणि एम ३३ नं मला पूर्ण एक हिवाळा रडवलं. कारण एम ५७ चा प्रकाश इवल्याशा जागेत आहे आणि एम ३३ चा पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट लांबीवर पसरलेला. एक चमचा तूप एका पोळीला लावलं तर कळतं, दहा पोळ्यांना लावलं तर वासही येत नाही. म्हणून प्रतीबरोबर आकाराचा रकाना वाचायचाच.

त्याच आकारावरून नेत्रिका (डोळा लावतो ते भिंग) ठरते. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी. २५ मिमीच्या नेत्रिकेनं ४८ पट मोठं दिसतं आणि साधारण एक अंश आभाळ येतं. १० मिमीनं १२० पट. एम ३३ ला ४८ पटसुद्धा जास्त होतं, तो खानापूरहून १० बाय ५० च्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) आधी दिसला.

एनजीसीतल्या ड्रेयरच्या वर्णनातली अक्षरंही शिकून घ्या: ‘एफ’ म्हणजे अंधुक, ‘व्ही एफ’ फार अंधुक, ‘ई एफ’ अतिशय अंधुक, ‘पी बी’ बऱ्यापैकी तेजस्वी. ‘ई एफ’ दिसलं की मी पान उलटते. आणि लक्षात ठेवा, यातल्या कितीतरी नोंदी हर्शेलच्या पावणेएकोणीस इंची आरशातून केलेल्या आहेत. त्याचं ‘बऱ्यापैकी’ आणि आपलं ‘बऱ्यापैकी’ एक नव्हे.

एक रात्र, कागदावर

जानेवारीच्या मध्यावरची अमावस्या, खानापूर. सूर्यास्त सव्वासहानंतर, पावणेआठला पूर्ण अंधार. क्रम असा: जे मावळायला निघालंय ते आधी, डोक्यावर येणारं ते येण्याआधी, दक्षिणेचं ते रेषेवर येताना.

पावणेआठला पहिली एनजीसी २५३, शिल्पकारातली लांबट दीर्घिका, नैऋत्येला ३९ अंशांवर. ही कॅल्डवेलमध्ये सी ६५ आहे. सगळे आधी देवयानीकडे धावतात आणि हिला विसरतात. मग देवयानीतली दीर्घिका एम ३१, सोबत एम ३२ आणि एम ११०. मग एम ३३ ला पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. त्यापेक्षा जास्त नाही. ययातीतला जोडगुच्छ सी १४ उत्तरेला शहराच्या उजेडाच्या वर, तो इतका तेजस्वी आहे की चालून जातं. कृत्तिका द्विनेत्रीतून.

नऊला एम १, अजून पूर्वेकडे ६८ अंशांवर. साडेदहापर्यंत थांबलात तर डोक्यावर गेला. मग चहा, पाच मिनिटं डोळे मिटून. दहाला एम ४२. इथं मी वेळ मोजत नाही. एम ७९ त्याच्या खाली, शशकात. पुढे एम ३५, व्याधाखाली एम ४१, आणि त्याच्या पूर्वेला एनजीसी २३६२, मधल्या एका ठळक ताऱ्याभोवती भुरभुरलेली चांदणी.

अकराला एम ४७ आणि एम ४६ शेजारी-शेजारी. एम ४६ वर थांबा. आधी ४८ पट, मग १२० पट. गुच्छाच्या उत्तरेकडच्या भागात एक ठिपका ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, थोडा फुगलेला, करडा. नजर त्याच्यावर न ठेवता जरा बाजूला ठेवा म्हणजे तो मोठा होतो. तो एनजीसी २४३८, ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे मरत्या ताऱ्याभोवतीचं वायूचं कवच. प्रत अकराच्या जवळ, गुच्छातला नाही, वाटेत आलेला. पहिल्या वेळी मला तो दिसला नाही कारण तो तिथं आहे हेच मी वाचलं नव्हतं. म्हणूनच प्रत्येक वस्तूपुढे ‘काय बघायचं’ अशी एक ओळ लिहून न्यायची.

एवढ्या पंधरा-सोळा वस्तू झाल्या. तीन-साडेतीन तासांना हे पुरे. पहिल्या आखणीत मी चाळीस लिहिल्या होत्या, नऊ बघितल्या, आणि त्यातल्या दोन कुठल्या हे सकाळी आठवेना.

शेतात गेल्यावर

कागद मोठ्या अक्षरात, टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर. वहीत वस्तू, वेळ, नेत्रिका आणि काय दिसलं. ‘छान’ असं लिहू नका, पुढच्या वर्षी त्याचा काही उपयोग होत नाही. ‘पूर्वेची कड पश्चिमेपेक्षा ठळक’ असं लिहा. जानेवारीत दव पडतं, दहानंतर शोधक दुर्बिणीची काच पुसून पुसून कंटाळा येतो. तिला पुठ्ठ्याची नळी लावली की तासभर तरी निभतं. थंडीत मफलर डोक्याला हवं, गळ्याला नंतर.

आणि जे दिसलं नाही ते खोडायचं नाही. तारीख घालून ‘नाही’ लिहायचं आणि पुढच्या महिन्याच्या कागदावर सर्वांत वर घ्यायचं. माझ्या वहीत एम ३३ पुढे चार तारखा आहेत. तीन ‘नाही’. चौथ्या ओळीत: ‘८.१० वाजता, द्विनेत्री, मामींनी आधी दाखवला. म्हणाल्या, तिथं काच पुसायची राहिली आहे बघ.’